मन्या, तुझी मिशी

मन्या, तुझी तेरवी फर्मास झाली. वांग्याची भाजी झणझणीत, बुंदी मोकळी, आणि पंगतीत कोणीही तुझ्याबद्दल एक वाईट शब्द बोललं नाही, त्यामुळे मला जेवण पचलं नाही. मंडळाचे सेक्रेटरी शेजारीच बसले होते. हात धुताना म्हणाले, "दिनकरराव, वार्षिक अंकात मनोहर सरांवर दोन पानं तुम्हीच लिहा. तुम्ही त्यांचे जिवलग. बहिऱ्या मुलांसाठी दिवा लावला त्यांनी, असं काहीतरी येऊ द्या."

मी हो म्हटलं. दिवा तू लावला होतास हे खरंच आहे. मेणबत्तीचा होता, आणि त्यात एकदा स्वतःची मिशी जाळून घेतली होतीस. तेव्हा सेक्रेटरीसाहेबांना त्यांचा दिवा मिळेल. बाकीचं मी तुझ्याशी बोलणार आहे, आणि तू मेला आहेस म्हणून मध्ये तोंड घालू शकणार नाहीस. वीस-बावीस वर्षांच्या मैत्रीत ही सोय मला पहिल्यांदाच मिळते आहे.

आपली गाठ मंडळाच्या गणपतीतल्या नाटकात पडली. मी दर वर्षी वेगळा असायचो, कधी सावकार, कधी वेडा, एकदा तर विधवा आत्या. तू मात्र कायम फौजदार, कारण तुझी मिशी. ती तुझ्याआधी स्टेजवर यायची आणि तू गेल्यावरही जरा वेळ तिथेच थांबायची. अभिनय तुला येत नव्हता. तुझ्या वाटचा सगळा अभिनय ती करायची आणि टाळ्या तू घ्यायचास.

मग तुला नागपूरला जाऊन बहिऱ्या मुलांना शिकवायचा कोर्स करायची बुद्धी झाली. तिथे कुणी गोरी बाई दोन दिवस व्याख्यानाला आली, आणि तू बालाघाटला परतलास तो अर्धाच. उरलेला अर्धा विलायतेला जाऊन बसला होता. तिथे म्हणे आठ पोरांमागे एक शिक्षक. खाली गालिचा. प्रत्येक पोराच्या छातीवर ऐकायचं यंत्र. एक दिवस तू तिथे जाणार, तिथल्या बहिऱ्या पोरांना शिकवणार, तिथेच राहणार. याच पायी लग्न केलं नाहीस. मुलगी सांगून आली की म्हणायचास, "मी तं चाललो, तिले कुठं ठेवू?" आणि दर दोन महिन्यांनी पोस्टात जाऊन त्या बाईच्या शाळेला एक पत्र टाकायचास. सहा वर्षं.

तोवर इथे, बस स्टँडमागच्या पत्र्याच्या खोलीत, अकरा पोरं, एक आरसा आणि एक मेणबत्ती. त्या अकरांतली एक माझी शुभा. दोन वर्षांची असताना तापात तिचे कान गेले, आणि सहाव्या वर्षी मी तिला तुझ्या हवाली केली.

दुपारी माझा फोटो स्टुडिओ बंद करून मी तिला न्यायला यायचो आणि खिडकीतून बघत राहायचो. पोराचा एक हात तू स्वतःच्या गळ्यावर ठेवायचास, दुसरा त्याच्याच गळ्यावर, म्हणजे आवाज कुठे थरथरतो ते त्याला कळावं. मेणबत्तीसमोर 'प' म्हणायचास आणि ज्योत वाकायची. सात पोरं हिंदी घरांतली होती, चार आपल्या मराठी घरांतली, म्हणून तू शब्दही असे वेचायचास की दोन्ही घरांत चालावेत. भात, घर, गाडी, बाजार, कपडा. हे सुचायला डोकं लागतं. ते तुझ्याकडे होतं, हे मी या लेखात एवढं एकदाच लिहिणार आहे.

पण ती मिशी. पोरांनी तुझे ओठ बघून शब्द ओळखायचे, आणि तुझे ओठ त्या मिशीमागे, तट्ट्यामागे कोंबडी फिरावी तसे. पोरं हुशार. ओठ दिसेनात म्हणून जे दिसत होतं ते त्यांनी वाचलं. 'भात' म्हणताना तुझी डावी भुवई वर जायची. 'गाडी' म्हणताना मान तिरपी व्हायची. 'घर'ला नाकपुड्या फुगायच्या. तुला याचा पत्ताही नव्हता. वर्षभरात वर्गातली पोरं तुझं सगळं समजू लागली आणि तू पेढे वाटलेस.

घरी मात्र एकालाही आईचं काही कळेना, कारण या जिल्ह्यातली कुठलीही आई भात वाढताना डावी भुवई उचलत नाही. माझी बायको निर्मला ताटासमोर बसून "भात, भात" म्हणत राहायची आणि शुभा तिच्या कपाळाकडे टक लावून बघायची. शेवटी शोध मी लावला. मी तुझी नक्कल करायला बसलो, गंमत म्हणून, भुवईसकट, आणि पोरीनं झटक्यात ताट पुढे केलं. त्या दिवसापासून माझी बायको भुवई उचलून भात वाढू लागली. शेजारणीला वाटलं, आमचं काहीतरी बिनसलंय. भरवेलीच्या खाणीतला एक बाप तर तुझ्या दारात येऊन हात जोडून म्हणाला, "सर, बच्चा घर में भौं चढाता है, नाक फुलाता है. दादी डर जाती है." तू त्याला सांगितलंस, प्रगती चांगली आहे.

मी तुला त्याच आठवड्यात गाठलं.

"मिशी काढ," मी म्हटलं.

"काहून?"

"पोरीले तुहे ओठ दिसत नाही. ती तुह्या भुवया वाचून राह्यली."

"आबा जिते आहेत, दिन्या. बाप जिता असताना मिशी काढतेत का कोणी? कटंगीत पाय ठेवू देणार नाहीत मले. गाव म्हणीन, मनोहरनं बाप मरायच्या आधीच सुतक धरलं."

"गावाचं काहून ऐकतं तू? तुह्या वर्गात तं कोणीच कोणाचं ऐकत नाही."

तू हसला नाहीस. तुझा चेहरा असा झाला की जणू मी आबांच्या अंगावर पांढरं कापड टाकलं. आणि मीही काय बोलणार होतो? बाप गेला की मुलगा मिशी उतरवतो, त्याआधी उतरवली तर बापाचं मरण चिंतलं, हे आपल्याकडे शेंबड्या पोरालाही ठाऊक. माझे वडील गेले तेव्हा मीही उतरवली आणि पुन्हा कधी ठेवली नाही, पण ते मी वीस वर्षांचा असताना गेले. तुझे आबा शहाऐंशीचे आणि तब्येतीनं खणखणीत.

पुढली चार वर्षं आपला हाच सवाल-जवाब चालला. या काळात कटंगीहून येणाऱ्या बसच्या कंडक्टरला मी अधूनमधून आबांची तब्येत विचारायचो. ती काळजीपोटी नव्हती, हे आता लिहून टाकतो. कंडक्टर दर वेळी उत्साहानं सांगायचा, "बुढा एकदम टणाटण. धानाच्या बांधीत उभा होता." आणि मी घरी येऊन पोरीशी बोलण्यासाठी भुवई उचलायचो.

मग या दिवाळीच्या आधी, एका मंगळवारी, तू दुपट्ट्यानं तोंड गुंडाळून स्टुडिओत आलास. मला वाटलं दाढ दुखते. तू दाराची कडी लावलीस, दुपट्टा काढलास, आणि समोर एक शाळकरी पोरगा उभा होता, डोक्यावर तुझे पिकलेले केस चिकटवलेला. वरचा ओठ पांढराफटक, बारीक, नुकत्याच सोललेल्या फांदीसारखा.

"फोटो काढ," तू म्हणालास. "दोन कॉप्या. तोंड साफ दिसलं पायजे."

"गेले का आबा?"

"नाही."

तू निळं विमानपत्र माझ्यापुढे धरलंस. त्या शाळेनं अखेर तुला घ्यायचं ठरवलं होतं, एक वर्ष मदतनीस म्हणून, जमलं तर पुढे कायम. फॉर्म आणि फोटो महिनाअखेरीच्या आत पोचले पाहिजेत. आणि तळाशी एक ओळ होती की, आमच्याकडचे शिक्षक दाढीमिशी ठेवत नाहीत, कारण मुलांना ओठ दिसावे लागतात.

ही ओळ मी चार वर्षं म्हणत होतो, मन्या. सरळ म्हटली, वाकडी म्हटली, एकदा हिंदीत शिवी घालूनही म्हटली. तुला ती विलायतेहून टपालानं यावी लागली.

"म्हंजे गोऱ्या पोरांसाठी आबा मेले तरी चालते," मी म्हटलं.

"असं नोको बोलू. माहा पुरा जनम याच्यात गेला."

"अन् शुभाचा?"

"शुभा हुशार आहे. तिले कोणीबी शिकवीन."

"कोण? नाव सांग एक."

तू माझ्या पडद्यावर रंगवलेल्या ताजमहालाकडे बघत बसलास. मी तुला अर्धा तास लाइटांखाली बसवून तळलं, हनुवटी वर, हनुवटी खाली, जरा डावीकडे, आणि घाम त्या नव्या ओठावर साचला तेव्हा बटण दाबलं.

फोटो दुसऱ्या दिवशी सकाळी तयार होता.

हे तुला माहीत नाही. कोणालाच माहीत नाही, निर्मलालाही नाही. दोन्ही कॉप्या सुकल्या, कापल्या, पाकिटात घातल्या आणि टेबलाच्या खणात टाकल्या. संध्याकाळी तू आलास तेव्हा म्हटलं, डोळे मिटलेले आलेत, परत काढू. परत काढला. मग म्हटलं, रसायन संपलंय, गोंदियाहून येतंय. मग डार्करूमचा बल्ब गेला. मग दोन दिवस वीज नव्हती, जी सगळ्या गावात होती. तू रोज यायचास, बाकड्यावर बसायचास, आणि माझ्यावर विश्वास ठेवून परत जायचास. नऊ दिवस. मंडळाच्या स्टेजवर मी इतकं सफाईदार काम कधी केलं नाही, आणि प्रेक्षकांत तू एकटा.

का केलं ते ऐक. मिशी काढून तू पहिल्या दिवशी वर्गात गेलास तेव्हा पोरांनी तुला ओळखलं नाही. दोन रडली, एक बाहेर पळालं. मी खिडकीशी होतो. तू गुडघ्यांवर बसलास आणि एकेकाचा हात ओढून स्वतःच्या गळ्यावर ठेवत गेलास. गळा ओळखीचा निघाला. मग पोरांनी हात तसाच ठेवून वर बघितलं आणि तुझे ओठ त्यांना दिसले. जन्मात पहिल्यांदा त्यांना कळलं की भात कपाळावर नसतो.

चौथ्या दिवशी संध्याकाळी निर्मला निवडणं घेऊन बसली होती. विसरून, भुवई न उचलता, शुभाकडे बघत ती म्हणाली, "चटई आण बाई." आणि पोरगी उठून चटई घेऊन आली. निर्मलानं सूप खाली ठेवलं. मग तिनं घरातली एकेक वस्तू मागायला सुरुवात केली. तांब्या आण. उशी आण. बाबांची चप्पल आण. पोरीनं अर्धं घर आणून तिच्यापुढे ढीग घातला. काही चुकलं, कंगव्याऐवजी करंडा आला, पण ती कपाळाकडे बघत नव्हती. आईच्या तोंडाकडे बघत होती. पाच वर्षं तुझ्या वर्गात तिनं जे काय आत भरून ठेवलं होतं, ते त्या बोडक्या ओठानं चार दिवसांत बाहेर काढलं.

आणि तो ओठ मी पाकिटात घालून विलायतेला पाठवू? मी संत नाही, मन्या. मी पोरीचा बाप आहे. तिकडे त्यांच्याकडे गालिचे आहेत, यंत्रं आहेत, आठांमागे एक शिक्षक आहे. आमच्याकडे बालाघाटात सगळा मिळून तू एक. महिनाअखेर टळू दे, मग फोटो सापडले म्हणून सांगू, चार शिव्या खाऊ, असा माझा बेत होता.

गावात दुसरा स्टुडिओ होता. तिथे तुझं काम तासाभरात झालं असतं. पण माझ्या दारावरून जाऊन समोरच्याच्या दुकानात शिरणं तुला जमलं नाही. म्हणून दहाव्या दिवशी सकाळी, कोणाला न सांगता, तू छोट्या गाडीनं गोंदियाला फोटो काढायला निघालास. प्लॅटफॉर्मवरच्या बाकावर बसलास आणि परत उठला नाहीस. तुझ्या खिशात गोंदियाचं तिकीट होतं आणि भरलेला फॉर्म. अक्षर सुरेख, सगळ्या रकान्यांत नीट भरलेलं. फोटोची चौकट तेवढी कोरी.

डॉक्टर म्हणाले, हृदय होतं, कुठेही झालं असतं, वर्गात झालं असतं, मोरीत झालं असतं. मी त्यांना तीनदा विचारलं आणि तीनदा त्यांनी हेच सांगितलं. चौथ्यांदा विचारावंसं वाटत होतं, पण त्यांनी माझ्याकडे वेगळ्या नजरेनं बघायला सुरुवात केली होती.

बदला घ्यायला तुला हीच रीत सुचली? भांडायचं होतंस. माझा खण उघडून पाकीट माझ्या तोंडावर फेकायचं होतंस. मी तयार होतो, संवादसुद्धा पाठ करून ठेवले होते. तू एक्झिट घेतलीस आणि मला स्टेजवर एकटा सोडून गेलास. फौजदारानं असं करायचं नसतं.

वैनगंगेवर सगळे जमले तेव्हा आबा कटंगीहून आले. ताठ, काठीसुद्धा न टेकता. बाप पोराला अग्नी द्यायला आला, आणि तिथेही लोकांना कुजबुजायला तुझी मिशीच सापडली. मागून कोणी तरी म्हणालं, "बाप के जीते जी मूँछ मुंडवाई. अपशकुन तो होना ही था."

आबा वळले. "कोण बोललं रे? म्याच सांगतलं होतं त्याले, काढ म्हणून. चार साल झाले."

मी पुढे झालो. "आबा, तो तं म्हणे तुम्ही घरात घेणार नाही त्याले."

"मी?" आबा म्हणाले. "मले काय करायचं आहे त्याच्या मिशीचं? म्या म्हटलं, पोट्टे तुह्या तोंडाकडे पाह्यतेत, तं तोंड दाखव त्याइले. माह्या मरणाची वाट पाहून राह्यला का? तं म्हणे, आबा, मिशी काढली का मी मास्तर नाही वाटत, पोट्टाच वाटतो."

मन्या, त्या क्षणी तुला लाकडांवरून उठवून दोन थोबाडीत द्याव्यात असं मला वाटलं. धर्म नाही, गाव नाही, आबा नाहीत. आरसा. चार वर्षं माझी पोरगी तुझ्या भुवईला लटकत राहिली ती तुझ्या आरशापायी, आणि त्यासाठी तू बापाला पुढे केलंस. मी त्या म्हाताऱ्याच्या तब्येतीची चौकशी करत बसलो आणि तो बिचारा माझ्याच बाजूचा निघाला. तू चार वर्षं मला फसवलंस, मी तुला नऊ दिवस. तुझा जोर जास्त होता हे कबूल, पण शेवटचा डाव माझा पडला, आणि तो जिंकल्याचा आनंद घ्यायला मला जागा मिळत नाही.

अग्नी दिल्यावर आबांनी मला विचारलं, "मास्तर म्हणून कसा होता रे तो?" मी म्हटलं, "वाईट नव्हता." याहून जास्त माझ्या तोंडून निघालं नाही. निघायला पाहिजे होतं. एक दुपार मी त्यांना सांगायला हवी होती. स्टुडिओत एक नवरा-नवरी ताजमहालासमोर बसलेली, मी काळ्या कापडात डोकं घातलेलं, आणि तू शुभाला घेऊन दारात उभा. आतूनच मला ऐकू आलं, "बाबा." घोगरं, वाकडं, डब्यात खडा वाजल्यासारखं. सात वर्षांच्या पोरीचा पहिला शब्द. मी कापडातून डोकं बाहेर काढलं नाही, कारण नवरा-नवरीला माझं तोंड दिसलं असतं. तू बाहेरून ओरडलास, "दिन्या, ओ दे ना, तुलेच हाक मारून राह्यली." तेव्हा मी ओ दिली नाही. तुझे आभारही मानले नाहीत. आता मानतो, आणि तेही दात-ओठ खात.

राग अजून एका गोष्टीचा आहे. तुझ्या शेवटच्या दिवसांत, पोरीला ओठ वाचता येऊ लागल्याबरोबर, तू तिला पहिली गोष्ट कोणती सांगितलीस? मी विलायतेला जाणार. विमानानं. तिथल्या पोरांना शिकवणार. तू मोठी झालीस की तुलाही बोलावून घेईन, तूही शिकवशील. भात आणि चटईच्या पुढे पोरगी जेमतेम पोचली होती आणि तू तिला थेट समुद्रापार नेऊन ठेवलंस. तुझ्या अंत्ययात्रेला मी तिला नेलं नाही. त्यामुळे तेरा दिवस ती आळीभर सांगत फिरत होती, दोन्ही हात पसरून, "सर. विलायत. मी पण." आळीतल्या बाया तिला होकार द्यायच्या आणि पदर डोळ्यांना लावायच्या, आणि तिला वाटायचं, आपलं बोलणं त्यांना आवडलं.

तेरवीच्या दुसऱ्या दिवशी मी तिला स्टुडिओत आणलं. तुला बसवलं होतं त्याच स्टुलावर मी बसलो, तिला समोर उभी केली आणि दोन्ही लाइट माझ्या तोंडावर वळवले. माझे ओठ तिला स्वच्छ दिसावेत, तिचा काही गैरसमज राहू नये. शब्द मी मोजूनमापून ठेवले होते. सर मेले. सर विलायतेला गेले नाहीत. आता येणार नाहीत.

तिला एका दमात कळलं. मी खरं सांगतो, तुझी कोणतीही विद्यार्थिनी इतक्या लवकर काही समजली नसेल. ती माझ्या तोंडाकडे बघत राहिली, अजून काही येतं का ते पाहत. मग तिनं विचारलं, एकेक शब्द खाली ठेवल्यासारखा, "तिथली पोरं?"

मला वाटलं मी चुकीचं ऐकलं. मी मान हलवली, पुन्हा सांग म्हणून.

"तिथली पोरं. बसली. वाट." तिनं जमिनीवर बोटानं एक ओळ दाखवली, जणू ती पोरं माझ्या स्टुडिओच्या फरशीवर मांडी घालून बसली आहेत. "कोण शिकवणार?"

ज्या पोरांचं नाव घेतलं की माझ्या तळपायाची आग मस्तकात जायची, ती पोरं, मन्या. माझ्या डोक्यात ती कायम गालिच्यावर बसलेली, गुबगुबीत, तुला आमच्यापासून हिसकावून नेणारी. ती कोणाची वाट बघत असतील, हे मला कधी सुचलं नव्हतं. तिला पहिलं तेच सुचलं.

मी उत्तर दिलं. कोणीतरी जाईल, म्हणून सांगितलं. तू जा, मोठी हो आणि तू जा, असंही सांगितलं असावं. बराच वेळ बोलत होतो. लाइटांची धग लागत होती. ती पुढे सरकून माझ्या तोंडाजवळ आली, इकडून बघितलं, तिकडून बघितलं, आणि माझी हनुवटी हातात धरून मान हलवली, नाही म्हणून. माझे ओठ धड एका जागी राहत नव्हते. तिला त्यातलं एक अक्षरही वाचता आलं नाही.